दहावीचा वर्ग आणि आजचे वर्तमानपत्र

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

नागरिकशास्त्र हा विषय शाळेत असताना आपल्यापैकी किती जणांना मनापासून आवडत होता, असा प्रश्न या अंकाच्या वाचकांना विचारला, तर होकारार्थी उत्तरे फार थोडी येतील. मलाही तो आवडत नसे. इतिहासात निदान लढाया तरी होत्या, भूगोलात नकाशे भरायचे होते. नागरिकशास्त्राच्या वाट्याला मात्र राज्यपालांची पात्रता, लोकसभेची मुदत आणि 'टिपा लिहा' एवढेच आलेले. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करावे आणि पेपर देऊन बाहेर पडताना विसरून जावे, असा तो विषय. त्याच विषयाची विद्यार्थिनी म्हणून आज मी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. आणि या विषयाची खरी गोडी मला लागली ती कॉलेजात येऊन नव्हे, तर पुन्हा एकदा शाळेत जाऊन. त्याचीच ही हकीकत आहे.

जून २०२४ मध्ये, मी द्वितीय वर्षात असताना, माझ्या जुन्या शाळेतील इतिहासाच्या बाई दीर्घ रजेवर गेल्या. मुख्याध्यापक सरांनी मला बोलावून घेतले. "दहावीचा पोर्शन मी पुरा करतो. तू फक्त शनिवारी सकाळी एक तास येत जा आणि पोरांना राज्यशास्त्राची गोडी लाव," असे ते म्हणाले. मी मोठ्या उत्साहाने होकार दिला. पहिल्या शनिवारी 'संविधानाची वाटचाल' हा पहिलाच पाठ काढला, फळ्यावर सुवाच्य अक्षरात मुद्दे लिहिले, आणि आठवी-नववीत असताना जी झोप माझ्या डोळ्यांत असे तीच झोप पंधरा मिनिटांत समोरच्या डोळ्यांत उतरलेली पाहिली.

दुसऱ्या शनिवारी मी पुस्तक उघडलेच नाही. घरी येणारे वर्तमानपत्र पिशवीत घालून नेले होते. "तुमच्यापैकी कोणाच्या घरी पेपर येतो?" असे विचारले, तेव्हा मोजून नऊ हात वर आले. बाकीच्यांना पेपर भेटतो तो सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, नाही तर बाजारातून आलेल्या पुडीच्या रूपाने. त्या दिवशी ठरवले, की वर्षभर आपला तास वर्तमानपत्राच्या आधाराने घ्यायचा. या प्रयोगात मला जे साधले, जे फसले आणि जे उमगले, ते क्रमाने सांगते. उद्या आपल्यापैकी अनेक जण बी.एड. करून शिक्षक होतील. त्यांना यातले काही उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

नाव बदलले, पुढे काय?

प्रथम थोडे विषयाच्या नावाविषयी. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत सहावी ते आठवीला 'नागरिकशास्त्र' आहे, तर नववी-दहावीला 'राज्यशास्त्र'. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी असा विचार मांडला गेला, की 'सिव्हिक्स' हा विषय आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला तो आज्ञाधारक प्रजा घडविण्यासाठी. डावीकडून चाला, कर वेळेवर भरा, अधिकाऱ्यांचा मान राखा, असे त्याचे स्वरूप. स्वतंत्र देशातील नागरिकाला याहून अधिक काही हवे: त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. म्हणून विषयाचे नाव बदलावे, असे सुचविले गेले. परंतु नाव बदलल्याने वर्ग बदलत नाही. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका असते, त्यातला मोठा वाटा इतिहासाचा. साहजिकच राज्यशास्त्राचे पाठ वर्षाच्या शेवटी घाईघाईने उरकले जातात. प्रश्न विचारायला शिकविणारा विषय आपण 'उत्तरे लिहा' इथेच आणून ठेवला आहे.

कात्रण कसे वाचावे

वर्तमानपत्र वर्गात नेले म्हणजे झाले, अशी माझी प्रारंभी समजूत होती. ती लवकरच दूर झाली. मुलांना संपूर्ण पेपर दिला, तर मुले क्रिकेटच्या पानावर जातात आणि मुली पुरवणीवर. म्हणून एका तासाला एकच कात्रण, तेही लहान, जवळच्या गावचे आणि ज्याची गोष्ट अजून संपलेली नाही असे, हा पहिला नियम मी केला. दिल्लीची मोठी बातमी मुले पाहुण्यासारखी ऐकतात. आपल्या नगरपालिकेची चार ओळींची बातमी आली, की वर्गातील निम्म्या मुलांना त्यातले काही ना काही ठाऊक असते.

दुसरी पायरी, बातमी आणि मत वेगळे करणे. अग्रलेख, स्फुट, वाचकांचा पत्रव्यवहार, बातमी आणि जाहिरात हे सारे एकाच शाईने एकाच कागदावर छापलेले असते; त्यामुळे सगळेच 'पेपरात आले आहे' या एका सदरात जमा होते. मी मुलांना दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायला सांगितल्या. जे तपासून पाहता येईल त्याखाली निळी रेघ, जे कोणाचे तरी म्हणणे आहे त्याखाली तांबडी. 'असे समजते', 'सूत्रांनी सांगितले', 'अशी चर्चा आहे' या शब्दांपाशी रंगावरून भांडणे होऊ लागली, आणि त्या भांडणांत बरेच शिक्षण झाले. एका मुलाने फोनवर आलेला 'ब्रेकिंग न्यूज' म्हणून मिरविणारा मजकूर वहीत उतरवून आणला. त्यावर निळी रेघ मारायला एकही जागा सापडेना. तेव्हा वर्गानेच नियम ठरवला: ज्या मजकुराला तारीख नाही, गाव नाही आणि सांगणाऱ्याचे नाव नाही, ती बातमी नव्हे, वावडी.

तिसरी पायरी, एकच घटना दोन वर्तमानपत्रांतून वाचणे. चौथी, बातमीत काय नाही ते शोधणे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत पत्र काढले, त्याला त्यांनी 'दर्पण' हे नाव दिले, हे मी सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "ताई, पण आरशात समोर असतं तेवढंच दिसतं." माझ्या चौथ्या पायरीचा सारांश त्याने एका वाक्यात सांगितला होता. आणीबाणीत सेन्सॉरशिप लागू झाल्यावर २८ जून १९७५ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, ही गोष्ट मी त्याच तासाला सांगितली. न छापलेला मजकूरही वाचता येतो, हे मुलांना त्यातून चटकन कळले.

आणि शेवटची पायरी, बातमी संविधानापाशी नेऊन भिडवणे. हे केले नाही, तर तास म्हणजे नुसत्या गप्पा होतात.

थकला की थकवला?

यातले काहीही मला पुस्तकातून सुचले नव्हते. बरेचसे एका बातमीने शिकवले. गणपती आठवड्यावर आले असताना आमच्या गावातील सफाई कामगारांनी काम बंद केले. मी दोन वर्तमानपत्रांतील कात्रणे नेली. एकाचा मथळा कचऱ्याचा आणि नागरिकांच्या हालांचा होता. दुसऱ्याचा, तीन महिन्यांचा पगार थकल्याचा. पहिल्यात रहिवाशांची गाऱ्हाणी होती, दुसऱ्यात कामगारांची. दोन्हींत पालिकेचे उत्तर मात्र एकच होते: बिलाची प्रक्रिया सुरू आहे.

मी मुलांना दोन्ही बातम्यांतील क्रियापदे फळ्यावर लिहायला लावली. 'कामगारांनी संप पुकारला.' 'कामगारांनी शहर वेठीला धरले.' 'पगार थकला.' 'बिल रखडले.' मग विचारले, यातले कोणते काम कोणी केले? कामगारांच्या वाक्यांना कर्ता होता. पगाराच्या वाक्याला नव्हता. पगार आपला आपण थकला होता, जसा माणूस चालून थकतो! "थकला नाही ताई, थकवला," एक मुलगा म्हणाला. "मग कोणी थकवला?" मी विचारले. मराठीच्या तासाला शिकलेला कर्ता असा राज्यशास्त्राच्या तासाला येऊन उभा राहिला. सत्तेची वाक्ये पुष्कळदा कर्त्यावाचून लिहिलेली असतात. तो कर्ता शोधून काढणे म्हणजेच नागरिकशास्त्र, असे मला त्या क्षणी वाटले आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

ती खुशी फार टिकली नाही. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नसे, उभी राहिली. तिचे नाव येथे देत नाही. कारण पुढे कळेल. ती म्हणाली, "ठेकेदार म्हणतो, पालिकेनं बिल दिलं नाही. पालिका म्हणते, ठेकेदाराला विचारा. तक्रार कुणाकडं करायची? पुस्तकात नगरसेवकाकडं असं आहे. आपल्याकडं नगरसेवक कुठं आहेत?"

वर्ग शांत झाला. तिची आई सफाई कामगार होती, हे त्या वर्गात बहुधा एकट्या मलाच ठाऊक नव्हते. मी ज्या कात्रणातील क्रियापदे मोजत होते, त्यात तिच्या घरातील तीन महिने होते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर

मी "पुढच्या शनिवारी सांगते," असे म्हणून वेळ मारून नेली आणि आठवडाभर आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसले. पदवीच्या परीक्षेसाठीसुद्धा मी इतके वाचले नव्हते. जे सापडले ते थोडक्यात असे.

पगाराविषयी: कंत्राटी कामगारांसंबंधीचा १९७० चा जो कायदा त्या वेळी लागू होता, त्यात ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याचे काम त्याने, ते द्यावे आणि मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावे, अशी स्पष्ट तरतूद होती. तेव्हा 'ठेकेदाराला विचारा' हे उत्तर पुरेसे नव्हते. शिवाय दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगून ठेवले होते, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली वेठबिगारीच होय.

नगरसेवकाविषयी: १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरपालिकांना संविधानात स्थान दिले. अनुच्छेद २४३ यू म्हणतो, की नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्याआधीच नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पुस्तकातील ओळ बरोबर होती. परंतु इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०२१ मध्ये आला. त्यानंतरच्या कायदेशीर वादात आणि प्रभागरचनेच्या घोळात महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांच्या निवडणुका अडकल्या. मुंबई महानगरपालिकेसारख्या मोठ्या संस्थेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेथेही प्रशासक आला. आमची लहानशी नगरपालिकाही त्याच रांगेत होती. म्हणजे पगार कोणी थकवला हे विचारायला ज्या सभागृहात कोणी उभे राहावे, त्या सभागृहाला कुलूप होते.

पुढच्या शनिवारी मी हे सारे सांगितले आणि जोडीला आणखी एक गोष्ट सांगितली. जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'ने बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याची वाट पाहत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी लेख छापले. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ त्यांपैकी काही जण आत होते. पुष्पा कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी त्या लेखांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हेच ते हुसैनारा खातून प्रकरण. खटला लवकर चालणे हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. वर्तमानपत्राच्या कात्रणातून संविधानाचा अर्थ विस्तारू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पत्र

मुले पेटली. "ताई, आपणही पेपरला पत्र लिहू!" दहा मिनिटांत मसुदा तयार झाला, त्यात थकलेला पगार होता, ठेकेदार होता, सगळे होते. तास संपल्यावर शेवटच्या बाकावरची मुलगी माझ्यामागोमाग जिन्यापर्यंत आली. "ताई, ते पत्र नका पाठवू. शाळेच्या नावानं गेलं तर कोण बोललं ते लगेच कळेल. आईचं काम जाईल."

वाचकहो, त्या जिन्यावर मी जे शिकले ते कोणत्याही पाठ्यक्रमात नाही. भाषणस्वातंत्र्य देणारा १९ वा अनुच्छेद मला तोंडपाठ होता. त्याची किंमत कोणाला किती मोजावी लागते, याचा मी कधी विचार केला नव्हता. वर्गासाठी ती बातमी अभ्यासाचे साहित्य होती. तिच्यासाठी ती महिन्याचा किराणा होती. पत्र गेले नाही. वर्गाला मी कारण सांगितले नाही, आणि गंमत अशी, की कोणी विचारलेही नाही. मुलांना माझ्याआधी समजले होते.

त्याऐवजी मुलांनी दुसरे पत्र लिहिले. त्यात पगाराचा उल्लेख नव्हता. एवढेच विचारले होते, की आमच्या पुस्तकात नगरपालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते असे लिहिले आहे, तर आमच्या गावात ती केव्हा होणार? मुख्याध्यापक सरांनी ते दोनदा वाचले. "बाळ, राज्यशास्त्र शिकव, राजकारण नको," असे ते मला जूनमध्येच बजावून बसले होते, आणि आता विधानसभेची निवडणूकही तोंडावर होती. थोडा वेळ चष्मा पुसून ते म्हणाले, "यात कोणाचं नाव नाही, पक्ष नाही. प्रश्न आहे. पाठव." ते पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात अर्ध्यावर कापून छापून आले.

राजकारण आणि राज्यशास्त्र यांतील सीमारेषा कोणती, याचे उत्तर मला सरांच्या त्या वाक्यात मिळाले. पुढे मी त्यात दोन नियमांची भर घातली. शिक्षकाने आपले मत कोणाला, हे वर्गात सांगू नये. आणि वाद निघाला तर ज्याच्या घरी ज्या पक्षाचे काम चालते, त्याने दुसऱ्या पक्षाची बाजू मांडावी. आमच्या वर्गात दोन परस्परविरोधी कार्यकर्त्यांची मुले होती. त्यांनी एकमेकांच्या वडिलांची बाजू अशी काही मांडली, की वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि ती दोघे घरी जाऊन काय बोलली असतील, या काळजीने मला रात्रभर झोप आली नाही. सुदैवाने कोणाचीही तक्रार आली नाही.

फसलेले आणि उरलेले

या पद्धतीचे सारेच गोड आहे, असे मी म्हणणार नाही. तिला वेळ फार लागतो. एका कात्रणाला दोन दोन तास गेले. सरांनी पोर्शनचा भार उचलला नसता, तर मला हे करता आले नसते, हे मी प्रांजळपणे कबूल करते. वर्षभर शिकवणाऱ्या शिक्षकाने आठवड्याला नाही, तरी पाठागणिक एक कात्रण घेतले तरी पुष्कळ झाले. 'निवडणूक प्रक्रिया' हा पाठ असेल तर मतदारयादीची बातमी, 'चळवळी' असतील तर जवळच्या एखाद्या मोर्च्याची. कात्रणे फाइलला ओवून ठेवावीत आणि महिन्याने विचारावे, पुढे काय झाले? कारण वर्तमानपत्र बातमी सुरू करते, पण शेवट क्वचितच सांगते. तो पाठपुरावा वाचकाने करायचा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: कात्रण वर्गात नेण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की यात माझ्या वर्गातले कोणी आहे का? असेल तर ते नेऊ नये असे नाही; पण क्रियापदे मोजण्याआधी माणसे मोजावीत.

आमच्या फाइलमधल्या गोष्टीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. थकलेल्या पगारापैकी काही रक्कम दिवाळीपूर्वी मिळाली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार आठवड्यांत जाहीर कराव्यात आणि चार महिन्यांत पार पाडण्याचा प्रयत्न करावा, असा आदेश दिला. दहावीचा निकाल त्याच महिन्यात, १३ तारखेला लागला. त्या संध्याकाळी शेवटच्या बाकावरची मुलगी पेढे घेऊन आमच्या घरी आली. पेढ्याच्या पुड्याबरोबर घडी घातलेले एक कात्रण होते, त्या आदेशाचे. त्यात तिने 'चार महिन्यांत' या शब्दांखाली निळी रेघ मारली होती, आणि समासात तांबड्या पेन्सिलीने लिहिले होते: 'बघू.'

तिची शंका खरी ठरली. चार महिन्यांत काही झाले नाही. नगरपरिषदांचे मतदान झाले ते डिसेंबर २०२५ मध्ये. मी माझ्या आयुष्यातील पहिली स्थानिक निवडणूक त्या दिवशी पाहिली आणि बोटाला शाई लावून घेतली. रांगेत माझ्यापुढे चार-पाच माणसे सोडून तिची आई उभी होती. मुलीला मतदानासाठी अजून अवकाश आहे. ती शाळेच्या फाटकाबाहेर आईची वाट पाहत थांबली होती आणि जाताना मला म्हणाली, "ताई, आता तक्रार कुणाकडं करायची ते तरी कळेल."

नागरिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत याला किती गुण मिळतील, मला माहीत नाही. माझ्या वहीत मात्र मी तिला पैकीच्या पैकी दिले आहेत.